उरल्यासुरल्याची नांदी

९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. कॅन्सस या अमेरिकन बँडचा ‘लेफ्टओव्हरचर’ हा अल्बम जेमतेम ४४ मिनिटांचा. त्यामुळे तो एका बाजूवर अख्खा मावायचा आणि शेवटी मिनिटभर नुसती खरखर उरायची. हॉस्टेलमधल्या एका सीनियरच्या एलपीवरून भरून घेतलेली ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे, वाजवायला यंत्र नाही एवढंच. मूळ तबकडी चौथ्या गाण्यानंतर उलटावी लागते, हे मला फार उशिरा कळलं. माझ्यासाठी ती आठ गाणी म्हणजे एका दमात चालणारी गोष्ट होती.

परवा दिवाळीत माझी भाची आकाशकंदिलाची वायर सोडवता सोडवता त्यातल्या पहिल्याच गाण्याची सुरुवात गुणगुणत होती. ‘कॅरी ऑन वेवर्ड सन’. मी खालून दुसरा सूर धरला, तर ती स्टुलावरून जवळजवळ पडलीच. “मामा, तुला हे कसं माहीत?” वय वर्षं एकोणीस. हे गाणं आलं तेव्हा तिची आईसुद्धा शाळेत जात नव्हती. तिला ते ‘सुपरनॅचरल’ या मालिकेतून मिळालं होतं. २००५ ते २०२० अशी पंधरा पर्वं चाललेली ती मालिका पर्वाच्या शेवटच्या भागात हे गाणं हमखास वाजवायची.

मी पोटासाठी जाहिराती लिहितो. या धंद्यात एक वाक्य रोज ऐकावं लागतं: “जरा सोपं करा हो, लोकांच्या डोक्यावरून जाईल.” हे म्हणणारा माणूस स्वतःला त्या ‘लोकां’त कधीच धरत नाही. त्याला स्वतःला सगळं कळलेलं असतं, काळजी असते ती बाकीच्यांची. मालिका, गाणी, बातम्या, पाठ्यपुस्तकं असं बरंच काही या काळजीपोटी पातळ करून वाढलं जातं, आणि मग लोकांना पातळच आवडतं असा निष्कर्षही काढला जातो. या वाक्याला उत्तर द्यायचं झालं की मला ही कॅसेट आठवते. तिच्यातलं संगीत सोपं नाही. एकाच गाण्यात लय चारदा बदलते, व्हायोलिन आणि ऑर्गन एकमेकांच्या अंगावर धावून जातात, शेवटचा तुकडा सव्वाआठ मिनिटांच्या पुढे जातो आणि त्यात गायन नावापुरतं. तरीही अमेरिकेत या अल्बमच्या चाळीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. हा अपवाद म्हणून सोडून द्यायचा, की आपल्या गृहीतकातच खोट आहे असं मानायचं? मी दुसऱ्या बाजूचा.

कॅन्सस हे अमेरिकेच्या मधोमध असलेलं गव्हाचं राज्य. टोपीका ही त्याची राजधानी, आणि बँड तिथलाच. केरी लिव्हग्रेन गिटार आणि कीबोर्ड वाजवायचा आणि बरीचशी गाणी लिहायचा. स्टीव्ह वॉल्श मुख्य गायक, ऑर्गन-पियानोही त्याच्याकडे. रॉबी स्टाइनहार्ट व्हायोलिन वाजवायचा आणि गायचाही. गिटारवर रिच विल्यम्स, बेसवर डेव्ह होप, ड्रमवर फिल एहार्ट. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक रचना, अभिजात संगीताची वळणं, वाद्यांवरची हुकमत, हा प्रकार मुळात इंग्लंडचा. तिथला जेनेसिस हा बँड तर चार्टरहाउस या बड्या घरच्या मुलांच्या शाळेत जन्मला. त्यामुळे ‘प्रोग’ म्हणजे शिकल्यासवरलेल्यांचे चोचले, हा शिक्का पहिल्यापासून बसला आणि तो काही अगदीच खोटा नव्हता.

टोपीकाच्या पोरांकडे यातलं काही नव्हतं. ती बारमध्ये वाजवणारी मंडळी. समोर बसलेला माणूस दिवसभर राबून बियर प्यायला आलेला असतो, त्याला ओळखीचं गाणं हवं असतं आणि कंटाळा आला की तो तसं तोंडावर सांगतो. या मंडळींनी त्याच्यासमोर आपली अवघड गाणी वाजवली आणि तो उठून जाणार नाही अशी वाजवली. माझ्या मते या अल्बमचं अर्धं मर्म इथे आहे. इंग्लंडच्या काही बँडना श्रोता आपल्याकडे चालत येईल असा भरवसा होता. यांना तो नव्हता, म्हणून त्यांनी प्रत्येक अवघड जागेच्या अलीकडे एक दार बसवलं.

डॉन कर्शनर या संगीत व्यावसायिकाच्या कंपनीकडे यांनी एक टेप पाठवली. तिकडून माणूस प्रत्यक्ष ऐकायला यायचा ठरला, तेव्हा एलिनवूड या छोट्या गावातल्या जुन्या ऑपेरा हाउसमध्ये कार्यक्रम लावला आणि हॉल भरावा म्हणून बियर फुकट ठेवली. हॉल भरला. करार झाला. कर्शनर म्हणजे ‘द मंकीज’ या पॉप बँडच्या मागचा माणूस, गोड आणि गुळगुळीत गाण्यांचा व्यापारी. त्याने या दाढीवाल्या पोरांना पदरी बाळगावं यातच गंमत आहे. पहिले तीन अल्बम निघाले, त्यातला एकही अमेरिकेच्या यादीत पहिल्या पन्नासात शिरला नाही. तरी त्याने चौथ्याचे पैसे दिले. आज तिसऱ्या गाण्याला आकडे आले नाहीत तर चौथं कोण काढू देतं?

चौथ्याच्या वेळी वॉल्शला काही सुचेना. आधीच्या अल्बमांमध्ये त्याची बरीच गाणी असायची, आता तो आटला होता. सगळा भार लिव्हग्रेनवर आला. जुन्या कल्पनांचे तुकडे, कुठे न बसलेल्या सुरावटी, अर्धवट राहिलेल्या चाली असं सगळं बाहेर निघालं. उरलंसुरलं या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि नांदी या अर्थाचा शब्द जोडून अल्बमचं नाव पडलं. उरल्यासुरल्याची नांदी. आपल्याकडे रात्रीच्या भाताला सकाळी मोहरी-मिरचीची फोडणी देतात, आणि पुष्कळ घरांत तो ताज्या भातापेक्षा जास्त चवीने खाल्ला जातो. पण त्यासाठी फोडणी देणारा हात लागतो. मुखपृष्ठावर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा कागदाच्या गुंडाळ्यांच्या पसाऱ्यात लिहीत बसलेला आहे. पूर्वी मला तो थोर ऋषीबिषी वाटायचा. आता तो मुदत टळून गेलेल्या लेखकासारखा दिसतो.

सगळ्यात गाजलेलं गाणं तर हातातून निसटतच होतं. सराव संपला होता, रेकॉर्डिंगला निघायची वेळ आली होती, आणि शेवटच्या दिवशी लिव्हग्रेन म्हणाला, अजून एक गाणं आहे. लुइझियानातल्या बोगालूसा या कागद गिरणीच्या गावाबाहेर, झाडीत असलेल्या स्टुडिओत हे सगळं ध्वनिमुद्रित झालं. निर्माता जेफ ग्लिक्समन. २१ ऑक्टोबर १९७६ ला अल्बम आला, पुढच्या वर्षी अमेरिकेच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला आणि ते उशिरा आलेलं गाणं अकराव्यापर्यंत.

आता हे गाणंच जवळून ऐकू. सुरुवातीला वाद्य नाही. तीन-चार आवाज एकत्र, थेट ध्रुवपद. पंधरा-सतरा सेकंदांत गाण्याचा गाभा तुमच्या हातात येतो. त्यानंतर गिटार आणि ऑर्गनची ती दणकट सुरावट, जी प्रत्येक गिटार शिकणाऱ्या मुलाने एकदा तरी बोटांवर घासलेली असते. ती सुरावट वळते, थांबते, पुन्हा निघते, आणि पहिला अंतरा यायला मिनिटभराहून जास्त वेळ जातो. तो येतो तेव्हा सगळा दणका एकदम ओसरतो, खाली पियानो आणि वर एकटा आवाज. मग पुन्हा चढ. मधे ऑर्गनला बोलायची संधी, मग गिटारला. सुमारे साडेपाच मिनिटांत पाच-सहा खोल्या फिरून होतात, पण ध्रुवपद प्रत्येक वेळी हात धरून बाहेर आणतं. स्वतंत्र तबकडीसाठी हे गाणं कापून लहान केलं होतं. ती कापलेली आवृत्ती आज कोणाच्या लक्षातही नाही, भाचीला पाठ आहे ते अख्खं.

हल्ली गाणं तीस सेकंद ऐकलं गेलं की स्पॉटिफायवर ते ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. म्हणून गाण्यातला चटका पहिल्या तीस सेकंदांत आणा, असा सल्ला गाणाऱ्यांना दिला जातो. गमतीचा भाग असा की ‘कॅरी ऑन’ ही परीक्षाही पास होईल, ध्रुवपद तर पहिल्याच सेकंदाला आहे. माझ्या म्हणण्याविरुद्ध हा मुद्दा कोणी काढला तर तो रास्तच आहे. दार आकर्षक असलं पाहिजे हे या बँडला बाजाराइतकंच कळत होतं. फरक दारामागे काय आहे याचा. हल्लीच्या पुष्कळ गाण्यांत दार उघडलं की समोर भिंत. इथे वाडा लागतो, चौक आणि माजघर आणि परसदारासकट.

वाड्यात फिरायचं तर ‘मिरॅकल्स आउट ऑफ नोव्हेअर’ पाहा. वॉल्श आणि स्टाइनहार्ट आळीपाळीने गातात, एकाचा आवाज धारदार, दुसऱ्याचा खर्जाकडे झुकणारा. मधल्या भागात गाणं थांबतं आणि एक सुरावट एका वाद्यावर सुरू होते. दुसरं वाद्य तिच्या पाठोपाठ निघतं, मग तिसरं, आणि थोड्याच वेळात सगळे आपापल्या वाटेने चाललेले असूनही कोणी कोणाला धडकत नाही. युरोपीय अभिजात संगीतातली ही जुनी युक्ती. स्टाइनहार्टला ती घरातच भेटली असणार, कारण वडील मिल्टन स्टाइनहार्ट कॅन्सस विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकवायचे आणि पोराच्या हाती व्हायोलिन लहानपणीच आलं होतं. पण तो ते गावच्या जत्रेत वाजवल्यासारखं वाजवतो. सभागृहातली शिस्त आणि धान्याच्या कोठारातला नाच एकाच गजात. इंग्लंडच्या प्रोगमध्ये हा मातीचा वास मला क्वचित मिळाला.

एक कबुली द्यायला हवी. विषम मात्रांचं जे कौतुक प्रोगवाले करतात ते माझ्यासारख्याला पहिल्यांदा जरा अतीच वाटलं. लहानपणापासून रूपक आणि झपताल कानावरून गेलेल्या माणसाला सात किंवा दहा मात्रांचं काय अप्रूप! आम्हाला चकित करते ती वेगळी गोष्ट: इथे आवर्तन पक्कं बसायच्या आत बदलतं. समेची वाट पाहावी तर गणितच पालटलेलं असतं. कॅसेटच्या काळात मी टेबलावर टिचक्या मारत शेवटचा तुकडा, ‘मॅग्नम ओपस’, मोजायचो आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी हरायचो. पुढे कळलं की त्यातल्या सहा तुकड्यांना मुंगळे-चिलटांच्या तोलाची थिल्लर नावं आहेत. एकाचं नाव ‘रिलीज द बीव्हर्स’. इतकं अवघड वाजवायचं आणि वर स्वतःचीच खिल्ली उडवायची. गंभीर चेहरा करून स्वतःला महान म्हणवणाऱ्या प्रोगवाल्यांमध्ये हे विरळा.

सगळं काही उत्तम नाही. ‘व्हॉट्स ऑन माय माइंड’ हे त्या काळच्या कुठल्याही बँडचं असू शकलं असतं. ‘द वॉल’ची चाल सुरेख आहे, गिटार तर रडवते, पण शब्द प्रवचनाच्या थाटाचे. लिव्हग्रेन तेव्हा सत्य शोधत होता, पुढे १९७९ मध्ये तो श्रद्धाळू ख्रिस्ती झाला. शोधणाऱ्या माणसाच्या ओळी कधी धगधगीत येतात, कधी कॅलेंडरवरच्या सुविचारासारख्या. बासरीवाल्या-तलवारवाल्या इंग्लिश दंतकथांपेक्षा मला या ओळी चालतात, कारण निदान त्यात माणूस खरोखर अडलेला आहे. आणि तेच ‘कॅरी ऑन’मधून एकोणीस वर्षांच्या मुलीपर्यंत पोचतं. तिला लिव्हग्रेनचा धर्म ठाऊक नाही. वाट चुकलेल्या मुलाला कोणीतरी ‘चालत राहा’ म्हणतंय, एवढं ठाऊक आहे.

‘शायान अँथम’बद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. १९७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं दोनशेवं वर्ष. देशभर झेंडे, मिरवणुका, आतषबाजी. त्याच वर्षी गव्हाच्या राज्यातल्या या गोऱ्या मुलांनी शायान या मूळनिवासी लोकांच्या तोंडी गाणं घातलं, जमीन हिरावली जाण्याचं. शायान याच मैदानांवरून गव्यांमागे हिंडायचे. २९ नोव्हेंबर १८६४ ला शेजारच्या कोलोरॅडोत सँड क्रीकच्या काठी त्यांच्या तळावर सैन्याने हल्ला करून बायकामुलं कापली. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा या दुसऱ्या मूळनिवासींच्या जोडीने त्यांनी अमेरिकन सैन्यातल्या कस्टरच्या तुकडीचा निकाल लावला, त्याला अल्बमच्या वर्षी बरोबर शंभर वर्षं होत होती. आणि बँडचं, राज्याचं नाव? तेही कान्झा या मूळ रहिवाशांचं. त्यांना १८७३ मध्ये तिथून हुसकून आजच्या ओक्लाहोमात धाडलं. नाव राहिलं, माणसं गेली.

गाणं हळूच सुरू होतं, जवळजवळ अंगाईसारखं. मग मधेच, काही सूचना न देता, जत्रेत फिरणाऱ्या पाळण्यासारखी एक उथळ, आनंदी धून उसळते. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, सीनियरने भरताना काहीतरी घोळ केला. दुसऱ्यांदा अंगावर काटा आला. माझ्या कानाला ती धून म्हणजे जिंकणाऱ्यांची मिरवणूक, जिला खाली कोण तुडवलं जातंय याची दखलच नाही. ती विरते आणि शोक परत येतो. गोऱ्या मुलांनी दुसऱ्यांच्या दुःखाचा आवाज घेणं आज खटकू शकतं, आणि गाण्यात मूळनिवासींची जी भाबडी, निष्पाप प्रतिमा आहे ती मलाही खटकते. पण ही बोच शब्दांत नव्हे, रचनेत आहे, आणि ती साध्या तीन कॉर्डच्या गाण्यात बसवता आली नसती. अवघडपणा इथे मिरवायला आणलेला नाही. तो काढला तर गाण्याचं म्हणणंच निघून जाईल.

रॉकच्या इतिहासाची रूढ गोष्ट अशी सांगतात की प्रोग फुगत फुगत गेला आणि पंकने, म्हणजे साध्या, रागीट रॉकने, टाचणी लावली. रमोन्स या पंक बँडचा पहिला अल्बम एप्रिल १९७६ चा, सेक्स पिस्टल्स या दुसऱ्याची पहिली तबकडी नोव्हेंबर १९७६ ची. ‘लेफ्टओव्हरचर’ मधोमध ऑक्टोबरात आला आणि पंकच्या ऐन भरात विकला गेला. पंक मला आवडतो. त्याचा राग खरा होता. पण त्याच्यामागून एक सोयीस्कर समज रुजला: साधं तेच सच्चं, कसबी ते खोटं, आणि कामकरी माणसाचं संगीत तीनच कॉर्डचं असतं. हा समज बहुतेक वेळा शिकलेली माणसंच मांडतात. टोपीकाच्या बारमधल्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं. त्याने बहुधा पैसे मोजून कॅन्ससची तिकिटं काढली.

हे सगळे जुन्या आठवणींचे लाड आहेत, असं म्हणणारे म्हणतील. चाळिशी ओलांडलेल्यांच्या बाबतीत ते अंशतः मान्य. पण आठवणी फक्त आमच्याकडे आहेत. २००६ मध्ये ‘गिटार हिरो २’ या खेळात हे गाणं आलं आणि जगभरातली शाळकरी पोरं प्लास्टिकच्या गिटारवर ती सुरावट पाडायला धडपडू लागली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की हे अवघड आहे म्हणून नको. अवघड होतं म्हणूनच ती रात्री जागत होती. २०१६ पासून बँडने चाळीस वर्षांनिमित्त अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावर वाजवला, तोवर वॉल्श निवृत्त झाला होता, लिव्हग्रेन केव्हाच बाहेर पडला होता. लोक एका गाण्यासाठी आले असतील, तरी त्यांना ‘मॅग्नम ओपस’च्या शेवटापर्यंत बसावं लागलं, आणि ते बसले. स्टाइनहार्ट २०२१ मध्ये गेला.

बाजाराचा दोष नाही असं मी म्हणत नाही, पण सगळा दोष त्याचाही नाही. आम्ही लिहिणारे, निवडणारे, मंजूर करणारे मधे उभे असतो. मागे एका क्लायंटसाठी मी जाहिरातीत सात मात्रांचा ठेका सुचवला होता. खोलीतल्या एकानेही नीट न ऐकता तो चारावर आणला गेला. “लोक अडखळतील.” लोकांनी ऐकलाच नाही, त्यामुळे अडखळले असते की नाही हे कळायला मार्ग उरला नाही. मीही फार भांडलो नाही, बिल निघायचं होतं.

दिवाळीच्या त्या संध्याकाळी कंदील लागल्यावर भाचीने विचारलं, “याच्या पुढे काय आहे?” तिला एकच गाणं माहीत होतं, ते एका ४४ मिनिटांच्या गोष्टीचं पहिलं पान आहे हे नव्हतं. मी फोनवर अल्बम लावून दिला आणि गच्चीवरून खाली आलो. फराळाची ताटं लावता लावता वरून ‘शायान’मधली ती जत्रेची धून ऐकू आली आणि मधेच तुटली. मला वाटलं, कंटाळली. थोड्या वेळाने तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.